नाचलं की थांबणारं दुखणं

एसटीचं ते भलंमोठं स्टेअरिंग हंबीरराव एका हातानं वळवायचा तेव्हा पुढच्या बाकावरची माणसं गप्पा थांबवून बघत. गडी अंगानं असा की दारातून आत यायचा तर आधी खांदा यायचा, मग मिशा आणि मग बाकीचा हंबीरराव. थोरला भाऊ फौजेत होता. धाकटा तरी डोळ्यांसमोर राहू दे म्हणून आईनं, साळूबाईनं, हट्ट धरला आणि हंबीरराव एसटीत ड्रायव्हर झाला. सांगली-सातारा ही त्याची लाइन. आष्टा, इस्लामपूर, पेठनाका, कराड, उंब्रज, सगळा रस्ता त्याच्या पायांना ठाऊक होता. कुठं ब्रेकवर पाय ठेवायचा आणि कुठं नुसता उचलायचा, हे त्याला बघावंही लागत नव्हतं.

तर असा हा तिशीही न गाठलेला बाप्या सकाळी उठला की त्याच्या पायात बायकोला चप्पल घालावी लागायची.

दुखणं कमरेच्या खाली, बसायच्या हाडाच्या वर. कधी डावीकडं, कधी उजवीकडं. पहाटे पहाटे ते जागं करायचं. अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं झालेलं असायचं; कुशीवर वळायचं तर खाटेची कड धरून, दात खाऊन वळायचं. विजयमाला, त्याची बायको, त्याला काखेत धरून उठवायची, भिंतीला टेकवून उभा करायची आणि मग वाकून त्याच्या पायात वहाणा सरकवायची. ऊन अंगणात येईपर्यंत तो हळूहळू सैल व्हायचा. गाडीवर जाईपर्यंत तर अगदी ठीक. पण सांगलीहून बसलेला माणूस कराडला उतरायचा तेव्हा पुन्हा विळ्यासारखा वाकलेला. पोर्टर विचारायचे, "काय मालक, काय पडलंय का खाली?"

घरच्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. साळूबाईनं निर्गुडीचा पाला बांधला, तापल्या विटेनं शेकलं, एरंडेल पाजलं. वाळव्याकडचा एक हाडं बसवणारा आला. तो त्याच्या पाठीवर उभा राहून चालला आणि "शीर सरकली हुती, बसली," म्हणून जेवून गेला. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, विश्रांती घ्या. झालं. साळूबाईला तेवढंच पाहिजे होतं. तिनं लेकाला रजा काढायला लावली, मऊ गादी घातली आणि त्याला खाटेवरून खाली पाय ठेवू दिला नाही. खाऊन पडायचं आणि पडून खायचं.

हंबीरराव दिवसेंदिवस आखडत गेला. विश्रांती संपवून तो कामावर गेला तेव्हा डेपोतली माणसं म्हणाली, रजा काढून ह्यानं कुठं उसाची मोळी वाहिली का काय.

हे असंच चालायचं, पण विजयमालेच्या भावाचं लग्न निघालं.

विजयमालेचं माहेर कराडच्या पलीकडं, कोयनेच्या काठाला. लग्नाच्या सकाळी जावयबापूंची स्थिती अशी की मेव्हण्यानं पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला तो उचलायला त्यांना वाकता येईना. अख्ख्या मांडवानं ते बघितलं. मंडपाचे वेळू बांधायला बोलावलं तर हंबीरराव म्हणाला, "पाठ धरलीया." पाण्याचं पिंप उचलायला बोलावलं तर तेच. मेव्हणा अर्जुना, म्हणजे नवरदेवच, हळदीच्या अंगानं बहिणीला म्हणाला, "ताई, दाजींची पाठ काम बघून धरती का गं?" विजयमालेचे कान लाल झाले.

संध्याकाळी वरात निघाली. पुढं हलगीवाले, मागं कराडचा बँड. मारुतीच्या देवळासमोर हलगीनं जो ठेका धरला तो असा की कट्ट्यावरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. पोरांनी लेझीम काढली. कुणीतरी हंबीररावाचा हात धरून त्याला रिंगणात ओढलं. तो नको नको म्हणत होता, पण एकदा पाय उचलला, दुसऱ्यांदा उचलला, आणि तिसऱ्या वेळी त्याला जाणवलं की कमरेतली गाठ सुटतेय. जरा वाकून बघितलं, वाकता आलं. गिरकी घेऊन बघितली, घेता आली. मग मात्र हंबीरराव सुटला.

मोकळं सुटलेलं खोंड बघितलंय का कुणी? तसा. लेझीम घेतली, फेकली, पुन्हा झेलली. खाली बसून उडी मारली. हलगीवाल्याच्या तोंडाशी तोंड नेऊन नाचला. नाचता नाचता त्याला हसू फुटलं, ते थांबेना. वर बघून हसतोय, मिशा घामानं चिकटल्यात, आणि पाय थांबत नाहीत. बँडवाले दमले, त्यांनी क्लॅरनेट खाली ठेवलं, तर हा म्हणतो, "नुसता ढोल वाजवा की गड्यांनो." नवरदेव घोड्यावर ताटकळून पेंगायला लागला. वरात देवळापासून घरापर्यंत एवढंसं अंतर, पण हंबीररावानं ती पुढं सरकूच दिली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपला आपण उठला. पायात वहाणा घालून परसात जाऊन आला. विजयमाला जागी झाली तर शेजारची वाकळ रिकामी.

मांडवातल्या पाहुण्यांनी ह्याचा अर्थ लगेच लावला. कामाच्या वेळी पाठ धरते, हलगी वाजली की सुटते. अशी पाठ कुणाला नको? ज्याला त्याला सांगितलं गेलं. परतीच्या गाडीत हंबीरराव खिडकीबाहेर बघत बसला होता. पेठनाका आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "मालं, मलाबी कधी कधी वाटतं, माझं मनच ढोंग करतंय का काय."

विजयमाला सातवीपर्यंत शिकलेली होती आणि तिचं डोकं सरळ रेषेत चालायचं. ती म्हणाली, "आवं, ढोंग असतं तर पहाटं कुणी न बघता कशाला कण्हला असता? तुमी झोपला की दुखतं, नाचला की थांबतं. मी काय म्हंते, उद्यापासनं रोज नाचा."

हंबीररावानं बायकोकडं बघितलं. ती गंभीर होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मळेवाडीतल्या त्यांच्या घराच्या परसात, दार लावून, विजयमाला जर्मनची परात उपडी घालून बसली आणि लाटण्यानं ठेका धरला. हंबीरराव आधी लाजला. मग भिंतीला धरून पाय हलवायला लागला. मग भिंत सोडली. कोंबड्या ओरडत पळाल्या, गोठ्यातली म्हैस दावं ताणून बघायला लागली, आणि पाऊण घटका होते न होते तोवर ड्रायव्हर साहेबांची कंबर उघडली. त्या दिवशी तो एकटा चप्पल घालून कामावर गेला, आणि विजयमाला परात घासताना एकटीच हसत बसली.

हे गुपित फार टिकणार नव्हतं. परात गुपचूप वाजत नाही. शेजारच्या बनुबाईनं कुडाच्या फटीतून बघितलं. अंधार, एक बाई वाद्य वाजवतेय, आणि एवढा मोठा गडी डोळे मिटून, केस विस्कटून, घुमतोय. बनुबाईला काही विचारावं लागलं नाही. ती तशीच कुडाला वळसा घालून आत आली, हंबीररावासमोर हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, माझी म्हस कवा व्यायची?"

हंबीरराव नेमका एका पायावर होता. त्याचा श्वास फुललेला. सोमवारी त्याची सुट्टी असायची, म्हणून तो धापा टाकत कसाबसा म्हणाला, "बनाक्का... आता न्हाई... सोमवारी..." त्याला म्हणायचं होतं, सोमवारी ये, बोलू.

म्हैस सोमवारी व्याली. रेडी झाली.

मग काय विचारता. मंगळवारी पहाटे परसात सात-आठ बायका, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात लिंबू. लेकाची फौजेतनं पत्रं का आली न्हाईत? विहिरीला पाणी लागंल का? सुनंला दिवस कवा जातील? हंबीरराव सांगून थकला की मला काही येत नाही, माझी पाठ दुखते म्हणून मी नाचतो. बायका एकमेकींकडं बघून मान डोलवायच्या. देव आधी असाच नाही म्हणतो. साळूबाईला तर हर्ष मावेना. तिला कितीतरी वर्षं वाटत होतं की ह्या घरात देवाचं काहीतरी आहे. ती दारात पाट टाकून बसायची आणि नारळ घ्यायची. घरात सकाळ-संध्याकाळ खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याचं कालवण, खोबऱ्याच्या वड्या. विजयमाला शेवटी म्हणाली, "आत्ती, ह्यांना दवाखान्यात न्यायचं. न्हाईतर आपल्या घराला कळस बांधावा लागंल."

सांगलीच्या विश्रामबागेत डॉक्टर उमा लिमये नुकत्याच दवाखाना घालून बसल्या होत्या. मुंबईला शिकताना त्यांनी सांध्यांच्या दुखण्यांवर काम केलं होतं, आणि सांगलीत आल्यापासून त्यांच्याकडं येत होते ते सगळे सर्दी-पडशाचे. विजयमालेच्या मावशीचं गुडघ्याचं दुखणं त्यांनी कमी केलं होतं म्हणून ही दोघं तिथं गेली. हंबीरराव बाकावर बसला नाही, उभाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं.

"बसत का नाही?"

"बसलं की धरतंय."

"आणि काम केलं की?"

हंबीररावानं खाली बघितलं. इतके दिवस ह्याच उत्तराला माणसं हसत आली होती. विजयमालाच म्हणाली, "बाई, खरं सांगू का? नाचलं की थांबतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली. त्यांच्या तोंडावर असा आनंद दिसला, जसा एखाद्याला परगावात आपल्या गावचं माणूस भेटल्यावर दिसतो. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पहाटे जाग येते? येती. एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला? व्हय. सकाळी आखडलेलं अंग सुटायला तास-दीड तास लागतो? लागतो. मध्ये कधी एखादा डोळा लालभडक होऊन दुखला होता? हंबीरराव चपापला. मागच्या उन्हाळ्यात उजवा डोळा असा लाल झाला होता की गाडी चालवता येईना. ते त्यानं कुणाला पाठीबरोबर जोडून सांगितलंच नव्हतं. तो विजयमालेच्या कानात कुजबुजला, "मालं, हिच्याच अंगात येतंय बघ."

बाईंनी त्याला उताणा, पालथा केला, कमरेखालचे दोन सांधे अंगठ्यानं दाबले, तेव्हा एवढा गडी टेबलावरून उडाला. टेप लावून वाकायला सांगितलं, छाती फुगवायला सांगितली. रक्त घेतलं, फोटो काढायला पाठवलं. दोन दिवसांनी दोघं पुन्हा गेली तेव्हा बाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. कमरेचं हाड जिथं मणक्याला मिळतं तिथल्या दोन्ही सांध्यांच्या कडा घुशीनं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. रक्ताच्या तपासणीतही दिसत होतं की अंगात कुठंतरी दाह चालू आहे.

"म्हणजे लागलंय?" हंबीररावानं विचारलं.

"नाही. लागलेलं काही नाही, शीरही सरकली नाही. तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू आत शिरला, जखम झाली, की त्या तिकडं धावतात. जंतूला मारतात, तिथं सूज येते, गरम होतं, दुखतं. दुखतं ते बरं असतं, म्हणून आपण तो भाग जपतो. काम झालं की त्या परत फिरतात. तुमच्याकडं काय झालंय, जंतू नाही, जखम नाही, तरी ह्या पेशी पाठीच्या सांध्यांपाशी जमतात आणि परत फिरतच नाहीत. त्या तिथं दाह करणारी रसायनं सोडतात. त्यानं आसपासच्या नसा इतक्या हळव्या होतात की एरवी जे कळलंही नसतं ते दुखायला लागतं. झोपलात, एका जागी बसलात, की आखडणं वाढतं. हललात की कमी होतं."

हंबीररावानं विचार केला. "म्हंजे कंट्रोलरनं जत्रा नसताना जादा गाड्या सोडाव्यात, आन् त्या एकाच नाक्यावर येऊन अडकाव्यात."

"अगदी," बाई म्हणाल्या, आणि त्यांना एवढं हसू आलं की कंपाउंडर आत डोकावून गेला.

"ह्यो कंट्रोलर असा का करतो?"

"ते अजून कुणाला पक्कं माहीत नाही. तीनेक वर्षांपूर्वी परदेशात असं आढळलं की हे दुखणं असलेल्या बहुतेकांच्या पेशींवर जन्मापासूनची एक खूण असते. म्हणजे थोडं रक्तातून येतं. पुढं अजून कळेल. पण एक नक्की, हे तुमच्या मनात नाही. एक्स-रेत दिसतंय."

हंबीरराव पुढं झाला. त्यानं तो काळा फोटो हातात घेतला, उजेडाकडं धरला, ते दोन कुरतडलेले सांधे बघितले आणि त्याला हसू यायला लागलं. आधी मिशीत, मग पोटातून. डोळ्यांत पाणी आलं तरी हसतोय. एवढी वर्षं ज्याला स्वतःचाच संशय आला होता, त्या माणसाला आपली मोडकी हाडं बघून एवढा आनंद झालेला डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच बघितला असेल. विजयमालेनं पदर तोंडाला लावला आणि तीही हसायला लागली. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना वाटलं, आत काहीतरी वाटतायत.

बाईंनी मग वाईट भागही सांगितला. हे दुखणं मुळातून जात नाही. दाह चालू राहिला तर मणके एकमेकांना चिकटत जातात आणि माणूस कायमचा वाकून बसतो. म्हणून पाठ हलती ठेवायची. गादी बंद, फळीवर झोपायचं, दिवसातून थोडा वेळ पालथं पडायचं. विडी सोडायची. दीर्घ श्वास घ्यायचा. नदी आहे तर पोहायचं. गाडीवर सलग बसायचं नाही, जिथं थांबा येईल तिथं उतरून अंग मोकळं करायचं. आणि एक कॅप्सूल, रात्री पोटभर जेवल्यावर. तिनं डोकं गरगरलं तर येऊन सांगायचं, तशी गाडी चालवायची नाही.

"आन् नाच?" विजयमालेनं विचारलं.

"तो तर आधी."

परात आता उघड्या दारानं वाजायला लागली. साळूबाईला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी देवाच्या पूजेत कॅप्सूलच्या बाटलीलाही कुंकू लावायला सुरुवात केली. कॅप्सूलनं काम केलं. आठवड्याभरात पहाट अशी हलकी झाली की हंबीररावाला जाग आल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं, मग आठवायचं की दुखणं हरवलंय. तो कृष्णेवर जायचा, कपडे काठावर टाकायचा आणि अशी उडी मारायचा की धुणं धुणाऱ्या बायका ओल्या व्हायच्या.

गाडीवर मात्र मजाच झाली. सांगलीहून सुटलेली गाडी आष्ट्याला थांबली की हंबीरराव खाली उतरायचा, गाडीच्या पत्र्याला हात टेकून वाकायचा, कंबर फिरवायचा, गुडघे उचलायचा. कंडक्टर केरबा हौशी गडी. तो दांडीवर तिकिटांचा पंच आपटून ठेका द्यायला लागला. इस्लामपूरला खिडक्यांतून डोकी बाहेर आली. पेठनाक्याला एक रिटायर सुभेदार खाली उतरला आणि "ऐसे नहीं, सीना बाहर" म्हणत शेजारी उभा राहिला. मग दोन कॉलेजची पोरं. मग एक बाई, जिच्या टोपलीत कोंबडा होता. ती म्हणाली, माझीबी कंबर लय दिवस झालं दुखती. आठ-पंधरा दिवसांत अशी गत झाली की कराड स्टँडवर गाडी लागायची ती अर्धी रिकामीच. बाकीची अर्धी खाली उतरून वाकत असायची. लोक मुद्दाम आधीची गाडी सोडून हंबीररावाची गाडी धरायचे. रोज गाडी साताऱ्याला उशिरा पोचायची, पण उतरणारी माणसं हसत उतरायची.

दिवस आणीबाणीचे होते. जिथं तिथं शिस्तीच्या पाट्या लागलेल्या, आणि डेपो मॅनेजर विष्णुपंत तर आधीपासूनच घड्याळाचे भक्त. साताऱ्याच्या कोर्टात तारखेला चाललेल्या एका माणसाची तारीख हुकली. त्यानं तक्रार केली. विष्णुपंतांनी हंबीररावाला बोलावलं.

"गाडी थांबवून नाच करता म्हणे."

"व्हय साहेब."

विष्णुपंतांना नकाराची सवय होती. ह्या होकारानं ते जरा गडबडले. हंबीररावानं सगळं सांगितलं, पांढऱ्या पेशींपासून जादा गाड्यांपर्यंत. विष्णुपंतांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता, पण उशीर त्याच्या जिवाला लागायचा. ते म्हणाले, "तुमचं दुखणं खरं असेल, पण फास्ट गाडीला हे चालणार नाही. उद्यापासून तुम्हाला खेड्यांची लाइन."

खेड्यांची लाइन म्हणजे डेपोतली काळ्या पाण्याची शिक्षा. खड्ड्यांचा रस्ता, मळ्यामळ्याला थांबा, हात केला की थांबा, टपावर वैरणीचे भारे, शेरडं, लग्नाची भांडी. चढवायला उतरवायला ड्रायव्हरलाही हात लावावा लागायचा. कुणाही ड्रायव्हरच्या नावानं ती लाइन लागली की तो महिनाभर कुणाशी बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव डेपोत पेढे घेऊन आला. विष्णुपंतांच्या टेबलावर पुडा ठेवला. त्यांनी विचारलं, कशाचे? हंबीरराव म्हणाला, "साहेब, जागोजागी उतरायला मिळंल अशी लाइन दिली तुमी. डॉक्टरीणबाईंनासुद्धा एवढं सुचलं नव्हतं." विष्णुपंतांनी पेढा उचलला, परत ठेवला, परत उचलला. शिक्षा नेमकी कुणाला झाली, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी पेढा खाल्ला.

त्या खेड्यांच्या लाइनवर हंबीरराव खूश होता. टपावर चढायचं, भारा घ्यायचा, उतरायचं, चार पावलं नाचायचं, पुन्हा बसायचं. आणि ह्या रस्त्यावर कुणाला कोर्टाची घाई नव्हती.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत दाह पुन्हा उसळला. कॅप्सूलनं भागेना, परातीनं भागेना, आणि हंबीरराव तीन आठवडे फळीवर पडून राहिला. मुखवट्यासारखा चेहरा करून तो छताकडं बघायचा. त्या वेळी विजयमालेनं परात वाजवली नाही. ती त्याच्या शेजारी पालथी पडायची आणि त्यालाही पडायला लावायची, आणि दोघं जमिनीला नाक लावून गावातल्या भानगडी बोलायची. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. उसळी ओसरली, पण जाताना मानेतलं थोडं वळणं घेऊन गेली. मागं बघायचं तर आता खांद्यासकट वळावं लागायचं. गाडी रिव्हर्स घेताना ते धोक्याचं होतं. त्यानं स्वतःच जाऊन विष्णुपंतांना सांगितलं.

ड्रायव्हरचा कंडक्टर झाला. डेपोत काहींनी हळहळ केली. स्टेअरिंग गेल्याचं हंबीररावालाही पहिले काही दिवस लागलं. हात नुसतेच फिरायचे. पण मग त्याच्या लक्षात आलं की कंडक्टर कधी बसतच नाही. धावत्या गाडीत डुलत, खांबाला धरून, पुढून मागं आणि मागून पुढं, दिवसभर. आणि बोलायला अख्खी गाडी. त्यानं केरबाला सांगितलं, "लेका, एवढी मजा तू एकटाच करत हुतास व्हय इतकी वर्सं?"

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो पोहायला निघाला तर विजयमाला दारात उभी. काष्टा घातलेला, पाठीला दोरीनं तेलाचा रिकामा डबा बांधलेला.

"ह्ये काय?"

"मीबी येतीया. रोज काठावर कापडं राखून राखून कटाळा आला."

साळूबाई म्हणाली, सुनंला आता खुळ लागलं. घाटावरच्या बायकांनी धुणं सोडून तोंडाला पदर लावले. बनुबाई म्हणाली, बुडली तर डबा तरी वर यील. विजयमालेनं कुणाकडं बघितलं नाही. पाण्यात शिरली, किंचाळली, दोन घोट प्याली, हंबीररावाच्या मानेला अशी मिठी मारली की त्याचा श्वास अडकला. तिला काही पोहता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. महिनाभरात डबा सुटला. पाऊस सुरू व्हायच्या आधी, नदी अजून उथळ असताना, ती हातपाय मारत मारत पलीकडच्या काठाला लागली आणि वाळूवर बसून, केस पिळत, एवढ्या मोठ्यानं हसायला लागली की अलीकडच्या बायकाही हसायला लागल्या. मग त्यातली एक म्हणाली, मलाबी शिकीव की गं विजे.

हंबीरराव अलीकडं कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून खांद्यासकट वळून सूर्याकडं बघत होता.

"मालं, ये माघारी," त्यानं हाक दिली. "माझ्या गाडीची येळ झाली."

"जावा की तुमी," ती पलीकडून म्हणाली. "मी जरा बसती."

तो हसत काठावर आला, अंग पुसलं, कपडे चढवले, वाकून वहाणा घातल्या आणि चढ चढायला लागला.